आत्याचा नियम

माझा धाकटा भाऊ सुतार आहे. त्याचं लाकूड सूतभर चुकत नाही, वेळ मात्र तासांनी चुकते. स्वतःच्या लग्नाला हा सगळ्यांत शेवटी पोचला, तेव्हापासून मी घरात नियमच करून टाकला: त्याने सांगितलेल्या वेळेत दोन तास मिळवायचे. शाळेचं वेळापत्रक मी लावते. घरच्यांचंही लावायची खोड आहे.

गुरुवारी तो माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून बसला. अकरा वर्षांच्या लेकीला, भिंगरीला, घेऊन डोंगरावर दोन रात्री तंबूत राहायचं होतं. वर फोन लागत नाही, चिटपाखरू भेटत नाही. मी त्याला फैलावर घेतलं.

"पाणी?"

"झऱ्याचं, उकळून."

"शेकोटी?"

"अजिबात नाही. स्टोव्ह नेतोय."

"आणि कचरा सगळा परत आणायचा," भिंगरी म्हणाली. "संत्र्याची सालसुद्धा!" तिच्या गळ्यात नवी लाल शिट्टी होती.

शेवटी राहिला वनचौकीचा अर्ज. परतायची वेळ आणि ती टळली तर चौकीला फोन करणारं माणूस. भावजय नर्स, तिची ड्यूटी कधी लांबेल सांगता येत नाही, म्हणून माणूस मी. वेळ त्याने लिहिली: रविवार, दुपारी दोन. नक्कल माझ्या फ्रिजवर चिकटवली.

"दोन म्हणजे दोन ना रे?"

"ताई, या वेळी दोन म्हणजे दोनच."

मी हसले. असं तो दर वेळी म्हणतो.

रविवारी भावजय ड्यूटीवरून थेट माझ्याकडे आली. दोन वाजले. फोन आला नाही. मी लावला, तर बंद.

"ताई, चौकीला कळवू या."

"अगं, त्याचे दोन म्हणजे आपले चार. ती माणसं उगाच डोंगर तुडवतील आणि हा शीळ घालत खाली उतरेल. हसं होईल आपलं."

एकच टॉवेल तिने तीनदा घडी केला. अडीच झाले, पावणेतीन झाले. माझीही नजर सारखी घड्याळाकडे जात होती, पण बोललेला शब्द गिळायचा कसा? मला माझाच राग येत होता आणि तो मी तिच्यावर काढत होते.

"निदान कुठल्या वाटेने उतरणार ते तरी बघू," म्हणत तिने फ्रिजवरचा कागद काढला. उलटा केला आणि तशीच उभी राहिली.

मागे भावाचं अक्षर होतं, लाकडाची मापं लिहितो तसं बारीक. तंबू आवरणे, सात. निघणे, आठ. पायथा, बारा. त्याखाली भिंगरीचं गोल अक्षर: अधिक दोन तास, आत्याचा नियम.

माझे दोन तास त्याने आधीच मिळवले होते. ते मी पुन्हा मिळवत बसले होते.

मी चौकीला फोन लावला. "वेळ काय दिली होती?" वनरक्षकाने विचारलं.

"दोन."

"तीन वाजून गेले, बाई." मग जरा थांबून म्हणाला, "मघापर्यंत डोंगराची अख्खी धार दिसत होती. आता धुकं उतरलंय."

चौकीवर आम्ही सहापर्यंत ताटकळलो. मी बसलेच नाही. भावजय माझ्याकडे बघत नव्हती आणि तिचं काही चुकत नव्हतं.

आधी स्ट्रेचर आलं. सकाळी उतरताना पाय घसरून भावाच्या मांडीचं हाड मोडलं होतं. चेहरा पांढराफटक, पण डोळे उघडे होते. भावजय त्याच्याकडे धावली. मागून वनरक्षकाच्या जाकिटात गुंडाळलेली भिंगरी आली. हातात कचऱ्याची पिशवी तशीच होती.

"धुक्यात काही दिसत नव्हतं," वनरक्षक म्हणाला. "हिच्या शिट्टीने सापडले."

मी तिला जवळ ओढलं. तिचे ओठ सुजून फुटले होते.

"कधीपासून वाजवत होतीस गं?"

"दोनपासून." तिचा आवाज पार बसला होता. "बाबा म्हणाले, आधीच दमू नकोस. दोन वाजले की आत्या फोन करणारच. ती एक मिनिटसुद्धा चुकत नाही."