शून्यात बघणारा माणूस

आमच्या कोलकात्यात कुठल्याही प्रदर्शनाला गर्दी जमवायची असेल तर चहा आणि सामोसे ठेवावे लागतात. आमच्या वस्तीतल्या क्लबाच्या हॉलमध्ये माझे फोटो लागले होते, तेव्हा आलेल्यांतले निम्मे भिंतीकडे पाठ करून खात उभे होते. मला त्याचं काही वाटत नाही. चाळीस वर्षं मी रस्त्यावर लोकांचे त्यांच्या नकळत फोटो काढत आले. त्यांनी माझ्याकडे पाठ केली म्हणून मी रुसायचं कशाला?

त्या गर्दीत एक बाई मात्र काही खात नव्हती. पन्नाशीची, तांताची साधी सुती साडी, हातात शंखाच्या बांगड्या, भांगात शेंदूर. एकाच फोटोसमोर ती कधीपासून उभी होती. तो फोटो गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारातला. पक्ष्यांच्या पिंजऱ्यांमागे एक माणूस उभा आहे, डोक्यात माकडटोपी, आणि तो उजवीकडे, नुसत्या काळोखात बघतोय. एका समीक्षकाने त्याला ‘शून्यात बघणारा माणूस’ असं नाव दिलं होतं. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

“दीदी, ह्याच्याखाली दोन हजार बावीस लिहिलंय,” ती म्हणाली. “म्हणजे हा फोटो गेल्या वर्षीचा?”

“छापला गेल्या वर्षी. काढला कधी ते मलाच ठाऊक नाही.”

“असं कसं?”

ती माझी जुनी खोड आहे. भरलेला रोल मी लगेच धूत नाही. बिस्किटांच्या डब्यात टाकते आणि वर्षानुवर्षं विसरते. त्या दिवशीचं ऊन, दुखणारे पाय, कुणाशी झालेलं भांडण हे सगळं डोक्यातून गेलं की मगच फोटो खरा कसा आहे ते कळतं. रोलवर मी तारीखही घालत नाही. हे सगळं मी जरा तोऱ्यातच सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचा चेहरा उतरत गेला.

“हे माझ्या मुलीचे, टुकूचे बाबा आहेत,” ती म्हणाली. “बारा वर्षांपूर्वी घरातून निघून गेले.”

तिचं नाव कानन सरखेल. नवरा हरिसाधन होमिओपॅथीच्या दुकानात कामाला होता. एका सकाळी दाढी करून, माकडटोपी घालून बाहेर पडला तो परत आलाच नाही. ना भांडण, ना चिठ्ठी. आता बारा वर्षं पुरी झाली, म्हणजे शास्त्राप्रमाणे तो गेलाच असं धरून धाकट्या दिराने पुरोहिताला बोलावून दिवस ठरवला होता. येत्या बुधवारी दर्भाचा पुतळा करून निमतला घाटावर जाळायचा, मग श्राद्ध. त्याच दिवशी तिच्या बांगड्या फुटणार होत्या.

“हा फोटो ते जायच्या आधीचा असला तर प्रश्नच नाही,” ती म्हणाली. “पण नंतरचा असला तर? तर मी जित्या माणसाला अग्नी देणार, दीदी. मला नीट सांगा. मी हात जोडते.”

मी तिला म्हटलं, उद्या सकाळी घरी या.

माझी डार्करूम म्हणजे न्हाणीघराला लागून असलेली कोंदट खोली. कानन आली तेव्हा मी निगेटिव्ह काढून ठेवली होती. रोलवर बाकी सगळे पोपट, कुंड्या आणि भांडखोर गिऱ्हाइकं. साल कळेल असं काही नाही. मग मला आठवलं, ह्या फोटोच्या उजव्या बाजूला एक पांढरा डाग होता. डोळ्यात खुपत होता, म्हणून छापताना मी त्या सगळ्या बाजूवर जास्त उजेड पाडला होता; कागदावर उजेड जास्त पडला की तो भाग काळा होतो. लोक ज्याला शून्य म्हणत होते ते माझंच काम होतं.

“पूर्ण छापून बघू,” मी म्हटलं. “तिकडे दुकानाची पाटीबिटी असेल.”

लाल दिव्यात आम्ही दोघी थाळीवर वाकलो. कोरा कागद रसायनात हलत होता. आधी पिंजऱ्यांच्या तारा उमटल्या, मग माकडटोपी, मग त्याचे डोळे. उजवीकडे हळूहळू तो पांढरा डाग आला. ते हाताचं प्लास्टर होतं. गळ्यात अडकवलेल्या झोळीत तो हात, मग साडीचा काठ, शेजारी दोन वेण्यांची मुलगी, तिच्या हातात माशांची पिशवी. सगळ्यात शेवटी बाईचा चेहरा आला.

काननने माझं मनगट धरलं ते इतकं घट्ट की मला कळ आली.

“ही मी,” ती म्हणाली.

“हात कधी मोडला होता?”

“ते गेले त्याच्या पुढच्या थंडीत. न्हाणीघरात शेवाळावरून मी घसरले. टुकू जेवत नव्हती, बाबा बाबा करायची, म्हणून तिला रंगीत मासे घेऊन द्यायला गेलो होतो.” ती थांबली. “मला आठवतंय, दीदी. कुणीतरी मागून बघतंय असं वाटलं होतं. मी पदर सारखा केला आणि वळलेच नाही. म्हटलं, असेल कुणी मेला.”

मला भीती वाटली, अगदी स्पष्ट सांगते. भूत असतं तर कमी वाटली असती. बायको आणि पोर चार हातांवर उभी, आणि हा जिवंत माणूस पिंजऱ्यांआडून त्यांना बघत होता. आणि त्या तिघांना मी बघत होते. नंतर त्या मायलेकींना पुसूनही टाकलं.

“म्हणजे ते आहेत,” मी म्हटलं. “निदान तेव्हा होते. दिराला सांगा, बुधवारचं रद्द करा.”

ओला कागद तिने दोन बोटांनी उचलून धरला. पाणी तिच्या साडीवर गळत होतं.

“हरवला असेल, डोकं फिरलं असेल, कुणी डांबून ठेवलं असेल, असं म्हणत मी बारा वर्षं शेंदूर लावला,” ती म्हणाली. “हा तर धडधाकट आहे. टोपीसुद्धा मी विणलेली. मोडका हात घेऊन मी पोरीला सांभाळतेय, आणि ह्याला साधी हाक मारवली नाही?”

“कानन, पण जिवंत माणसाचं...”

“माझ्यापुरता आजच गेला. बुधवारी फक्त जाळायचा.” मग तिने विचारलं, “दीदी, ह्यातला नुसता चेहरा मोठा करून द्याल? श्राद्धाला फोटो लागतो. आमच्याकडे त्यांचा धड एकही नाही.”

मी करून दिला. नाही म्हणायला तोंड कुठे होतं मला?

श्राद्धाला मी बारानगरला तिच्या घरी गेले. रजनीगंधाचा हार, धूप, तळलेल्या लुच्यांचा, म्हणजे मैद्याच्या पुऱ्यांचा वास. दीर डोळे पुसत सगळ्यांना सांगत होता, “दादाची नजर बघा, कशी वैराग्याची आहे!” पुरोहितानेही मान हलवली. ती नजर कुणावर खिळलेली होती ते फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. फोटोसमोर पांढऱ्या साडीत, मोकळ्या हातांनी कानन बसली होती, आणि ती पिंडाला दूध घालत असताना तो माणूस तिच्याकडे अगदी तसाच बघत होता. मला तिथे बसवेना.

मी दाराशी येऊन उभी राहिले. गल्लीत माघाची थंडी होती आणि दर तिसऱ्या डोक्यावर माकडटोपी होती. पानाच्या टपरीशी एकजण, नळाशी एकजण, समोरच्या ओट्यावर कुणी वर्तमानपत्राआड. नकळत माझा कॅमेरा डोळ्याला लागला आणि मी एकेक चेहरा शोधू लागले.

कानन केव्हा मागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही.

“शोधताय होय? असेल इथेच कुठेतरी,” ती म्हणाली. “असू दे. नुसतं बघत राहणं, एवढंच जमतं काही माणसांना.”

ती बोलली त्याच्याबद्दल, पण मान खाली गेली ती माझी.