वाजव, रंभे

"परत," ज्योतीराम म्हणाला.

रंभानं काठी उचलली आणि खांबाला टांगलेल्या काशाच्या थाळीवर टोला दिला. थाळी खणखणली. दावणीचा बैल कान टवकारून बघायला लागला. ज्योतीरामनं तिरकामठ्याची दोरी ओढली. ती छातीपर्यंत आली आणि तिथंच अडली. कोपर कानाच्या रेषेत जायला हवं होतं. ते बरगडीपासून वीतभर उचललं आणि थरथरत खाली आलं.

"ऱ्हाऊ द्या की आता. ऊन चढलं."

"परत."

तिनं परत टोला दिला. तिच्या हातात तेवढंच होतं.

ज्योतीराम तसा कुरुळीतल्या चार शेतकऱ्यांसारखाच शेतकरी. कांदा, बाजरी, दोन बैल, एक विहीर. पण जत्रेचे दिवस आले की पंचक्रोशीतून त्याला बोलावणं यायचं. लहानपणी गावात येऊन राहिलेल्या एका म्हाताऱ्या शिपायानं त्याला तिरकामठा शिकवला होता. डोळ्यांवर पट्टी बांधून, नुसत्या आवाजावर बाण मारायचा. खांबाला थाळी, थाळीच्या पुढ्यात दोरा, दोऱ्याला झेंडूचा हार आणि हाराखाली रंभा उभी. तिनं थाळी वाजवायची, त्यानं बाण सोडायचा. बाणाच्या टोकाला चंद्रकोरीसारखं पातं असे. दोरा तुटायचा, बाण थाळीवर आदळायचा आणि हार अलगद रंभाच्या गळ्यात पडायचा. बायाबापड्या तोंडाला पदर लावायच्या, पोरं शिट्ट्या मारायची.

लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा तिला हाराखाली उभं केलं, तेव्हा ती सारखी मागं सरकत होती. तो जवळ येऊन हळूच म्हणाला होता, "हलू नको, बास. बाकी माझ्यावर सोड." तिनं सोडलं. पुढं इतक्या जत्रा झाल्या, पण तिला कधी भीती वाटली नाही. वारा असो, धूळ असो, ती हाराखाली उभी राहून रात्रीच्या कालवणाचा विचार करायची.

मागच्या साली कांद्याची गाडी घेऊन तो चाकणच्या बाजाराला निघाला. वाटेत समोरून ट्रक आला, त्यानं भोंगा वाजवला आणि बैल बुजले. गाडी चारीत उलटली आणि चाक ज्योतीरामच्या उजव्या खांद्यावर आलं. पुण्याला दवाखान्यात खांदा फाडून हाड तारेनं बांधावं लागलं. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हात वाचला हेच खूप समजा. पण खांद्याच्या वर तो आता जायचा नाही."

"तिरकामठा वढता यील का?" ज्योतीरामनं विचारलं.

डॉक्टर आधी हसले, मग त्याच्या तोंडाकडं बघून टेबलावरचे कागद चाळायला लागले.

घरी आल्यावर रंभाच त्याला सदरा घालायची, डोक्यावर पाणी ओतायची, मुंडासं बांधून द्यायची. तो मान खाली घालून उभा राहायचा. नांगर चुलतभावानं धरला, मोट गड्यानं. ज्योतीराम बांधावर बसून बघायचा. एके दिवशी त्यानं माळ्यावरून तिरकामठा खाली काढायला सांगितला. तेव्हा पुष्कळ दिवसांनी त्याच्या तोंडावर तजेला आला होता, म्हणून रंभानंही तो हौसेनं काढून, पुसून दिला.

पण ओढ काही जमेना. मग तो भैरू सुताराकडं गेला आणि त्यानं कामठा तासून घेतला. कळक पातळ झाला, दोरी थोडी जास्त येऊ लागली. आठ दिवसांनी परत गेला, परत तासून घेतला. भैरू रंभाला विहिरीवर भेटला तेव्हा म्हणाला, "वयनी, आता त्यात जीवच न्हाई ऱ्हायला. बाण निम्म्यातच खाली बसंल. मी म्हणलं त्येला, पर ऐकतोय कुठं?"

बाण वाटेत खाली बसला, तर दोऱ्याच्या खाली काय असतं हे रंभाला कुणी सांगायची गरज नव्हती.

तळवड्याच्या जत्रेचं ठरलं तेव्हा मात्र ती कुणाला न सांगता लक्ष्मणरावांकडं गेली. जत्रेची सगळी व्यवस्था तेच बघायचे. ओसरीवर पानाला चुना लावत बसले होते.

"भावजी, यंदा त्यास्नी न्हाई म्हणा."

"मी कसा म्हणू वहिनी? त्यो सोता आलावता माझ्याकडं. म्हणला, यंदा माझा ख्येळ ठेवाच. गावात दवंडी बी दिली." त्यांनी पान दुमडलं आणि हातातच धरून ठेवलं. "असं करू. तुमच्या जागी कडब्याचा बाहुला उभा करू. मी सांगतो त्येला."

त्यांनी सांगितलंही. ज्योतीराम घरी आला तो न जेवताच भिंतीकडं तोंड करून पडला.

"बाहुल्याम्होरं काय मारायचं?" बऱ्याच वेळानं तो म्हणाला. "तुला भ्याव वाटतंय का? वाटत आसंल तर सांग. न्हाई जायचं मग."

रंभा चुलीपाशी बसली होती. व्हय म्हणायला एक क्षण पुरला असता. पण वर्षभर त्याचं एकेक काम तिनं आपल्या हातात घेतलं होतं, आणि हे एवढंच उरलं होतं.

"मला कशाचं आलंय भ्याव?" ती म्हणाली. "उठा, जेवा."

जत्रेला अलोट गर्दी. पिंपरीकडं नव्यानं कारखाने उठत होते, तिथं कामाला लागलेली माणसंही सुट्टी म्हणून आली होती. लक्ष्मणरावांनी मोठ्यानं ज्योतीरामचं नाव पुकारलं, अपघाताची हकिगत सांगितली, लोकांनी टाळ्या दिल्या. रंभा हाराखाली जाऊन उभी राहिली. झेंडूचा वास नाकात शिरत होता. लक्ष्मणरावांनी पट्टी बांधली, ज्योतीरामला खांद्याला धरून खांबाकडं वळवला आणि बाजूला झाले.

"वाजव, रंभे."

तिनं टोला दिला. गर्दी चिडीचूप झाली. दोरी ओढताना त्याच्या तोंडाचा एक कोपरा खाली ओढला गेला. बाण सुटला आणि तिच्यापुढं मातीत रुतला.

"दमानं, ज्योतीबा! दमानं घ्या!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. माणसं चांगली होती, हसलं कुणी नाही. आणि त्याचाच त्याला जास्त त्रास होतोय, हे रंभाला दिसत होतं.

त्यानं दुसरा बाण लावला. "वाजव."

तिनं वाजवली. या वेळी त्यानं असेल नसेल तेवढं बळ लावलं. कानाशी काहीतरी फडफडलं आणि खांब हादरला. बायका किंचाळल्या. रंभानं मान वळवून पाहिलं. बाणाचं पातं तिच्या गळ्याशेजारी खांबात घुसलं होतं आणि तिचा पदर त्याखाली अडकला होता. तिनं ओढला तसा तो टर्रकन फाटला.

"तुटला का दोरा?" ज्योतीरामनं विचारलं.

लक्ष्मणरावांचा चेहरा उतरला होता. "थोडक्यात हुकला बघ," ते म्हणाले. "बास करू आता. लोकांनी बघितलं."

"एकच. शेवटचा."

काशावर बसलेला बाण आणि लाकडात बसलेला बाण यांच्या आवाजातला फरक ज्योतीरामला कळला नसेल, असं होणं शक्यच नव्हतं. रंभाला ते पक्कं ठाऊक होतं. बाण कुठं गेला हे त्याला कळलं होतं, आणि तरी त्यानं तिसरा लावला होता. पट्टीच्या खालून घाम गळत होता. हा बाण मारण्यापासून त्याला आता कुणीच थांबवू शकत नव्हतं, तो स्वतःसुद्धा नाही.

"वाजव, रंभे."

त्यानं दोरी ओढून धरली. कोपर थरथरत होतं. तिनं काठी उचलली. आपण गेलो तर आपलं काही नाही, सुटलो. पण हा माणूस उद्या सकाळी उठून काय करेल? कोण त्याला पाणी घालेल, आणि त्या पाण्याखाली तो कसा उभा राहील? तिचा हात खाली येईना.

"रंभे, वाजव की!"

सगळी जत्रा तिच्याकडं बघत होती. तिनं खाली वाकून काठी मातीत ठेवली.

ज्योतीराम वाट बघत राहिला. आवाज आला नाही. कामठा थरथरायला लागला, मग दोरी हळूहळू पुढं गेली आणि बाण त्याच्या पायाशी गळून पडला.

"बाई भ्याली!" मागून कुणीतरी म्हणालं. "न्हाईतर या खेपंला मारलाच आसता त्येनं!"

"व्हय व्हय, बाईच भ्याली!"

लक्ष्मणरावांनी तो शब्द उचलून धरला. "घाबरल्या वहिनी," ते हात वर करून ओरडले. "चालायचंच. बाईमाणूस हाय. मारा टाळ्या ज्योतीबासाठी!"

टाळ्या झाल्या. ज्योतीरामनं पट्टी डोळ्यांवरून वर सरकवली. त्याची नजर तिच्या फाटलेल्या पदरावर गेली आणि तिथून दुसरीकडं वळली.

परतीच्या वाटेवर तो पुढं चालत होता, ती मागं. इंद्रायणीच्या उताराला तो थांबला.

"वाजवायची व्हतीस."

"भ्याले मी," रंभा म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला आणि चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिरकामठा भैरूच्या दारात नेऊन ठेवला. भैरूनं तो उचलून आत नेला.

शेतात एका हाताच्या माणसाला काम नव्हतं. पुढच्या साली लक्ष्मणरावांच्या ओळखीनं ज्योतीरामला एका कारखान्यात राखणदाराची नोकरी लागली आणि दोघं चिंचवडला खोली घेऊन राहिले. खाकी सदरा, हातात सोटा, फाटकापाशी स्टूल. दुपारी रंभा भाकरी घेऊन जायची.

एकदा ती गेली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. फाटकाजवळच्या लिंबाखाली चार-पाच कामगार ज्योतीरामभोवती बसले होते. कुणी उस्मानाबादकडचा, कुणी कोकणातला. ज्योतीराम डाव्या हातानं हवेत दोरा दाखवत होता. कितीतरी दिवसांत तिनं त्याला असं बोलताना ऐकलं नव्हतं.

"...तिसरा बाण लावला. दोरी अशी वढली, पार कानापत्तूर. आता निस्ती थाळी वाजायची खोटी. आन् तेवढ्यात..."

त्याला ती दिसली. शब्द तोंडातच राहिला. कामगारांनी वळून पाहिलं आणि सरकून तिला वाट दिली.

तिनं भाकरीचं फडकं त्याच्यापुढं ठेवलं, पाण्याचा तांब्या ठेवला.

"सांगा की," ती म्हणाली. "का थांबला?"

मग ती थोडं अंतर ठेवून, त्यांच्याकडं पाठ करून बसली. समोर कुणाचं तरी हरभऱ्याचं रान होतं आणि त्यातून कारखान्याच्या नव्या भिंतीचा पाया खोदत नेला होता. मातीचे ढिगारे हिरव्यावर पडले होते.

"मग? तेवढ्यात काय झालं, मामा?" उस्मानाबादच्या गड्यानं विचारलं.

पाठीमागं फडकं जवळ ओढल्याचा आवाज आला.

"बायकू भ्याली," ज्योतीराम म्हणाला. इतक्या हळू, की समोरच्याला ऐकू गेलं नाही.

"काय म्हणलात?"

ज्योतीरामनं पुन्हा सांगितलं नाही. फडक्याची गाठ सोडत राहिला. रंभानंच बांधलेली गाठ होती, एका हातानं लवकर सुटत नव्हती. ती आवाजावरून समजून होती, पण वळली नाही.