मैनाघाटचा डोंगा

मित्रांनो, मी एक जुना डोंगा आहे. वैनगंगेच्या काठावर पालथा पडलेला असतो. पोटाला भेग गेली आहे, म्हणून आता मला कोणी पाण्यात लोटत नाही.

मोहाच्या एका खोडातून मला कोरलं. मैना ढिवरीण माझी मालकीण. नवरा गेल्यावर ती लेकराला घेऊन या ओसाड काठावर एकटीच झोपडी बांधून राहिली. मासे धरी, माणसं पार नेई. तिच्या आसऱ्याने घरं वाढली. लोक म्हणू लागले, मैनाघाट.

पुढे सडकेवर मोटार सुरू झाली. एकोणीसशे छपन्न साली गावाची पाटी लावायचं ठरलं. रंगारी डबा उघडून माझ्या शेजारीच बसला.

"सुकलूपूर लिही," गुणवंतराव म्हणाला. गावात सर्वात जास्त धानाची शेती त्याची. सुकलू त्याचा बाप.

मैनेचा नातू इस्तारी हातातलं जाळं खाली ठेवून उठला. "काऊन भाऊ? माह्या आजीनं वसवलेला गाव हाये."

"ढिवरणीच्या नावाचा गाव सांगतो, तर सोयरे हासतात मले."

"मासोळी खाताना नाई हासत?"

लोक हसले, पण गुणवंतरावाने डोळे वटारून पाटीकडे बोट दाखवलं. रंगाऱ्याने 'सु' रंगवला. माझा जीव तुटत होता. मला सारं ठाऊक होतं. पण लाकडाचं ऐकतो कोण?

तेवढ्यात गुणवंतरावाची माय, गुणाबाई, काठी टेकत आली.

"तुह्या लग्नात पहिली हळद कोणाले लावली, रे?"

"या डोंग्याले. आपल्या घरची रीत हाये. नदीची हळद ते."

"नदीची नाई, मैनेची हाये. माह्या सासूनं सांगतलं मले. पुरात ते अवघडलेली होती. मैना तिले पार नेत होती, अन् मधातच तुहा बाप जन्मला. याच डोंग्यात. मैनेनं नाळ कापली, जाळ्याच्या दोरीनं बांधली. नाळ कापते ते मायच असते, बाबू. लोक हासतील म्हणून घरात कोणी उघड बोललं नाई. हळद मात्र कोणी चुकवली नाई."

"म्हणजे मैना माही..."

"आजी. अन् हा इस्तारी तुहा भाऊ."

गुणवंतरावाने वाकून माझ्या काठाला हात लावला. मग त्याने धोतराच्या सोग्याने ओला 'सु' पुसला.

"मैनाघाट लिही," तो रंगाऱ्याला म्हणाला. "मोठ्या अक्षरात."

आता मोटारीतून उतरणारे पाहुणे पाटी वाचून विचारतात, "हे मैना कोण?"

गुणवंतराव सांगतो, "माही आजी."

"'माही' नाई, 'आमची' म्हण," इस्तारी जाळं विणता विणता टोकतो.

या उन्हाळ्यात दोघं मिळून माझ्या भेगेत डांबर भरणार आहेत.

मित्रांनो, तुमच्या गावाचं नाव कोणी कष्टाने कमावलं, ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. लाजेपायी झाकलेलं नातं त्यांच्यासोबतच निघून जातं. ते आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा.