पाच जणांना एक खुर्ची

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एका डाळ मिलमध्ये कामगारांच्या मनाची विचारपूस करायला दर बुधवारी दीपमाला मॅडम येऊ लागल्या. कॅन्टीनशेजारच्या त्यांच्या खोलीबाहेर चिठ्ठ्यांची पेटी लागली. दोन महिन्यांत पेटीत एकही चिठ्ठी पडली नाही. मॅनेजर म्हणाले, "या बुधवारीही रिकामी निघाली, तर मॅडमचं येणं बंद."

हे सगळ्यांत जास्त लागलं ते स्टोअरकीपर सदाशिवरावांना. दर बुधवारी ते त्या दारापर्यंत जात आणि कडीला हात लावण्याआधी परत फिरत.

दुखणं सांगण्यासारखं नव्हतंच. यवतमाळच्या स्टँडवर घरी जायची बाभुळगावची बस लागली, की त्यांना वाटे, स्टोअरचं कुलूप उघडंच राहिलं. बस सोडून ते ऑटोने परत येत. गेटवरचा हरिसिंग विचारी, "काहून जी, आज काय राह्यलं?" सदाशिवराव सांगत, "चष्मा." चष्मा नाकावरच असे.

आता पेटी वाचवायची, तर चिठ्ठ्या हव्यात. कपाटभर कादंबऱ्या वाचलेल्या माणसाला पाच कामगारांची पाच दुःखं लिहिणं काय अवघड? ते लिहायला बसले. पहिल्या कामगाराला कुलपाची शंका आली. दुसऱ्याला गॅसची, तिसऱ्याला नळाची. चौथ्याला पुन्हा कुलपाचीच. पण हा बाभुळगावऐवजी नेरला राहत होता. पाचवा "मले झोप येत नाही" एवढंच म्हणाला आणि लाजला. लेखक व्हायचा विचार आपण वेळीच सोडला, याचं सदाशिवरावांना समाधान वाटलं.

बुधवारी मॅडम स्वतःच स्टोअरमध्ये आल्या. हातात पाच चिठ्ठ्या, पाचही स्टोअरच्याच पावत्यांच्या पाठीवर लिहिलेल्या.

"काका, हे पाचही जण तुमच्या ओळखीचे दिसतात."

"तोंडओळख आहे," सदाशिवराव पुटपुटले.

"मग घेऊन या त्यांना. पाचही जणांना एक खुर्ची पुरेल."

त्या गेल्या. सदाशिवरावांचे कान तापले. त्यांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, चार पावलं गेले, परत आले, पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा वळले, तर कुलपासमोर हरिसिंग स्टूल टाकून बसलेला.

"जा जी तुमी. मी पाहून राह्यलो कुलूप."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगाले कायले पायजे? रोज चष्म्यासाठी गेट मीच उघडतो ना! आन् लवकर या जी. तुमच्यामागं माझा नंबर हाय."

सदाशिवराव आत गेले, खुर्चीत बसले. पाचांतला एकही तोंड उघडेना. मॅडम घाई करत नव्हत्या.

शेवटी नेरवाला बोलायला लागला.