क्ष म्हणजे किती

सिंधूताईंनी विहारातल्या जयंतीच्या गाण्याला पहिल्यांदाच स्वतः चाल बांधली. मुखडा गोड होता, अंतराही बायकांच्या तोंडी बसला. घोडं अडलं शेवटाला. शेवटची ओळ तीनदा म्हणून समेवर यायचं, तर दर वेळी ढोलकी एकीकडं अन् बायका दुसरीकडं.

"वहिनी, तुमची एष्टी स्टँडच्या अलीकडंच उभी राह्यते," ढोलकीवाले इंद्रभान म्हणाले. ताईंनी ओळीत एक शब्द वाढवला, तर एष्टी स्टँड सोडून पुढं गेली. "रविवारपर्यंत जमलं तं ठीक. नाईतं मागच्या वर्षीचंच गाणं घेऊ."

गणितापायीच ताईंची शाळा सातवीत सुटली होती. तरी दुसऱ्या दिवशी गच्चीवर कुरडया घालता घालता त्यांनी सुनेपुढं हे गाऱ्हाणं मांडलं. मयुरी आठवीच्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची.

"आई, ओळ किती मात्रांची?"

"पाच. तीनदा पंधरा. एवढं येते मले."

"अन् सम?"

"आठाच्या दोन फेऱ्या झाल्या का सतराव्यावर. शेवटचं अक्षर तिथंच पडलं पाह्यजे."

मयुरीनं हात पुसून खडू घेतला. "म्हणजे दोन कमी. शब्द वाढवला तं सहा त्रिक अठरा, एक जास्त. ओळीले हात लावूच नका. दोन ओळींच्या मधी काहीतरी घाला. काय ते माहीत नाही, तोवर त्याले क्ष म्हणू."

"माहीत नाही त्याले नाव काऊन ठेवायचं?"

"नाव ठेवलं का शोधता येते."

तीन ओळी, मधल्या जागा दोन. फरशीवर उमटलं: पंधरा आणि दोन क्ष, बरोबर सतरा. ताईंनी बोटानं मधल्या दोन जागा मोजल्या.

"क्ष एक," त्या हळूच म्हणाल्या. नापास झालेल्या बाईच्या मानानं उत्तर लवकर आलं होतं. "पण एका मात्रेत कोणता शब्द बसवू?"

"ते मले नाही सांगता येत. गणित फक्त जागा दाखवते."

मयुरीची पुढची कुरडई शेजारचीला चिकटली.

"मधी जागा सोड न माय," म्हणता म्हणता ताई थांबल्या.

रविवारी विहारात त्यांनी बायकांना एवढंच सांगितलं, "ओळ झाली का एक टाळी गप राह्यजा. श्वास घ्या." तिसऱ्या ओळीला कायम दम तुटणाऱ्या चांगुणाबाईसुद्धा शेवटच्या अक्षरासकट समेवर उतरल्या. ढोलकीची थाप नेमकी तिथंच पडली.

इंद्रभानांनी ढोलकीची दोरी ओढली. मग म्हणाले, "पुन्हा घ्या."

घरी जाताना ताईंनी सुनेला विचारलं, "क्षच्या पुढं काय असते वं?"