सोदरमामाचा हक्क

शनिवारची सकाळ. हळ्ळीखेडच्या मल्लम्माच्या चुलीवर भाकरी फुगत होती आणि शेजारी पाटावर बसून तिची थोरली लेक सुधारानी एका हाताने जेवत, दुसऱ्या हाताने गणितं सोडवत होती. "आदी गिळ तरी," मल्लम्मा ओरडली. हे रोजचंच होतं. रोजचं नव्हतं ते एवढंच, की सोमवारी पोरीची बेंगळूरला मुलाखत होती आणि त्याआधी रविवारी घरात तिच्या लग्नाची सुपारी फुटायची होती.

बेंगळूरचं ते विद्यापीठ देशभरातून मूठभर पोरं निवडतं. लेखी परीक्षेतच भलेभले गळतात. सुधारानी कन्नड शाळेतून आलेली, नौबादच्या वसतिगृहात राहून बारावी झालेली. शिकवणी कसली लावते? मोबाईलवरचे धडे ऐकायला ती गच्चीवर चढायची, कारण रेंज तिथेच यायची. इंग्रजी मोडकं, म्हणून आरशासमोर उभी राहून स्वतःलाच प्रश्न विचारायची आणि स्वतःच उत्तरं द्यायची. शेजारणी म्हणाल्या, पोरीला वारं लागलंय. लागलं होतंच, आणि त्या वाऱ्यानेच तिला मुलाखतीपर्यंत नेलं.

पण आपल्याकडे पोरगी जन्मली की तिच्यावर पहिला हक्क सोदरमामाचा, म्हणजे आईच्या सख्ख्या भावाचा. मल्लम्मालाही असंच तिच्या सख्ख्या मामाला, भीमण्णाला दिलेलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती नवऱ्याला मामाच म्हणायची, दुसरं काही म्हणायला जीभ वळतच नव्हती. सुधारानीच्या बारशाला मल्लम्माच्या आईने, निलम्माने, बाळ उचलून आपल्या शाळकरी पोराच्या, अनिलकुमारच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "घे रे, तुजी बायको संबाळ." सगळे हसले. मल्लम्माही हसली. ते हसणं आता तिच्याच गळ्याशी आलं होतं.

अनिलकुमार वाईट असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. चिटगुप्प्यात त्याचं बियाण्याचं दुकान. स्वभावाने गरीब. लेखी परीक्षेला भाचीला मोटारसायकलवरून कलबुर्गीला त्यानेच नेलं आणि ती बाहेर येईपर्यंत उन्हात उभा राहिला. आता तो म्हणत होता, "लगीन करून शिकू दे की, अक्का. मी काय न्हाई म्हनायलोय?" त्यावर निलम्मा लगेच पुस्ती जोडायची, "घर सोडून हॉस्टेलात ऱ्हायाचं न्हाई, एवढंच." आणि त्या विद्यापीठात तर वसतिगृहात राहिल्याशिवाय शिकताच येत नव्हतं. म्हणजे गूळ दाखवायचा, पण तोंडाला लागू द्यायचा नाही.

नाही म्हणावं तर भाऊ तुटतो. भाऊ तुटला की माहेर तुटतं. पंचमीला न्यायला कोणी येत नाही आणि मेल्यावर माहेरचं लुगडंही मिळत नाही. मल्लम्मा दोन्हीकडून भाजत होती. भीमण्णाला विचारावं तर तो मान खाली घालून शेताकडे निघून जाई.

त्या दुपारी मल्लम्मा आतल्या खोलीत गेली तर सुधारानी पुस्तकं पोत्यात भरत होती.

"काय करायलीस गं?"

"खालच्या आळीतल्या पोरीस्नी देते. त्यांच्या कामाला येतील." पोरीने वर पाहिलंसुद्धा नाही. "आव्वा, मी बसते सुपारीला. तू रडू नकोस. तुजं माहेर ऱ्हाऊ दे."

तिचा आवाज अगदी शांत होता. भांडली असती, आदळआपट केली असती, तर आईने समजूत घातली असती. या शांतपणाची समजूत कशी घालायची? धाकटी जगदेवी दारात उभी राहून बहिणीच्या ओठांकडे टक लावून बघत होती. जगदेवीला जन्मापासून ऐकू येत नाही.

रविवारी निलम्मा परडीत सुपारी, पानं, नवी साडी घेऊन आली. मागे अनिलकुमार, चार पाहुणे. सुधारानी पाटावर बसली. निलम्माने साडी मल्लम्माच्या हातात दिली, "घाल पोरीच्या अंगावर."

मल्लम्माने साडी परत परडीत ठेवली.

"न्हाई आव्वा. हे लगीन व्हायाचं न्हाई."

"काय बोलायलीस? बारशाला सबूद दिलाय!"

"मला कुनी इचारून दिला न्हाई. मला देताना बी इचारलं न्हाई." तिने जगदेवीला जवळ ओढलं. "हिला बिदरच्या डॉक्टरकडं नेलं तवा त्यानं पैलं काय इचारलं? नात्यातलं लगीन हाय का म्हून. तू न्हाई म्हनलीस. कामून? तुला म्हाईत व्हतं म्हून. लेकरू गुनाचं हाय माजं, पन त्याच्या कानाची राख आपुन केली. आता थोरलीच्या लेकरांची बी करू?"

"अक्का," अनिलकुमार पुटपुटला, "मी तिचं काय वाईट केलं?"

"काय बी न्हाई रे. तू तिला परीक्षेला नेलास, उन्हात उबा ऱ्हाईलास. तसाच तिचा मामा ऱ्हा की! नवरा कामून व्हायलास?"

निलम्मा आपल्या भावाकडे, म्हणजे जावयाकडे वळली. "भीमण्णा, बायकोचं थोबाड बंद कर!"

भीमण्णाचा चेहरा पांढरा पडला होता. त्याच्याच संसाराचं माप बायकोने चारचौघांत काढलं होतं. तो म्हणाला, "अक्का, ती खरं बोलायलीय. चूक आपलीच हाय." आणि लेकीकडे न बघता, "सुदा, ऊठ. हुमनाबादला बेंगळूरची बस मिळंल."

निलम्माने परडी उचलली. उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "आता पंचमीला वाट बगू नको. मला लेक न्हाई." अनिलकुमार तिच्यामागे गेला.

सुधारानीला प्रवेश मिळाला. गावात पेढे वाटले गेले, शाळेत सत्कार झाला आणि भाषणं करणाऱ्यांनी जिद्द, मेहनत, गच्चीवरचा अभ्यास सगळं सांगितलं. मल्लम्मा मागच्या रांगेत बसली होती. एका पोरीला शिकायला मिळावं म्हणून तिच्या आईने स्वतःची आई का गमवावी, हे कुणाच्या भाषणात आलं नाही.

पंचमी आली. आळीतल्या बायका माहेरी गेल्या. मल्लम्माने घरीच लाह्या भाजल्या आणि तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. तेवढ्यात पलीकडची रेणुका दारात आली. माहेरी गेली नव्हती. सोबत दहावीतली पोरगी.

"मल्लक्का, हिला बी माजा भाऊ मागायलाय. काय करू?" मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "न्हाई म्हनल्यावर माहेर खरंच तुटतंय व्हय?"

मल्लम्माच्या मनात आलं, खोटं सांगावं, धीर द्यावा. पण तिने पोरीकडे पाहिलं आणि खोटं बोलली नाही.

"तुटतंय, रेणुका. लई दुखतंय. रोज दुखतंय." तिने पोरीचा हात धरून तिला आत घेतलं. "पन पोरगी वाचती. तुजा भाऊ येईल तवा मला हाक मार. मी येते."