तिसरी घागर

गोष्ट २०१८ सालची. त्या वर्षी अक्षय तृतीया एप्रिलातच आली, आणि सेलूच्या बाजारात सकाळीच डांबर पायाला चिकटायला लागलं होतं. शोभाबाई कुंभारीण लिंबाच्या सावलीत घागरी मांडून बसली होती. शकुंतलाबाईंनी सासऱ्यांची घागर घेतली, सासूबाईंची घेतली, आणि कमरेची पिशवी उघडता उघडता म्हणाल्या, "अजून एक दे."

"दोनच नेता ना दरसाली? तिसरी कोणाची वं काकू?"

शकुंतलाबाई खाली वाकून पैसे मोजू लागल्या. शोभाबाईला मग उमगलं. तिनं तीन-चार घागरी बोटानं वाजवून बाजूला ठेवल्या, एक निवडली, पदरानं पुसून त्यांच्या हातात दिली. "हे न्या. झिरपत नाई." पैसे तिनं दोनच घागरींचे घेतले.

घरातून गेलेल्या माणसाला त्या दिवशी पाणी पोचतं, असं आपल्याकडे मानतात. माणशी एक घागर, त्यात वाळा, वर खरबूज, पुढे पानावर जेवण. घागर भरायची घरच्या कर्त्या पुरुषानं, नाव घेऊन. जिवंत माणसाच्या नावानं मात्र ती भरायची नसते. तसं करणं म्हणजे त्याचं मरण मागणं. शकुंतलाबाईंना आपल्या मुलाची, निकेशची घागर भरून हवी होती, पण ती भरणारे त्यांचे यजमान पुंडलिकराव रोज सकाळी साऱ्या बाजाराला सांगत होते की निकेश जिवंत आहे.

नुसता जिवंत नाही. बिटकॉइन नावाचा जो पैसा जगभर चालतो, तो निकेशनंच काढला, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुंडलिकरावांचं किराण्याचं दुकान होतं, मागं घर. निकेश शिकला, नागपुरातून इंजिनिअर झाला, पुण्याला लागला आणि तिथून कंपनीनं त्याला जपानला पाठवलं, टोकियोला. दर रविवारी फोन यायचा. २०११ च्या मार्चमध्ये जपानच्या किनाऱ्यावर समुद्र चढून आला, आणि त्यानंतरचा रविवार कोरडा गेला. पुढचाही. टोकियोच्या कंपनीनं कळवलं, हा मुलगा २००८ च्या डिसेंबरातच आमच्याकडून गेला, पुढचं आम्हाला ठाऊक नाही. पुंडलिकरावांनी नागपूर केलं, दिल्ली केली, दूतावासाच्या पायऱ्या चढले. नंतर ते बसले ते बसलेच. दुकान नोकर चालवायचा. ताटात वाढलेलं तसंच निवायचं. सहा वर्षं त्या घरात सणाला गोड झालं, ते मुलीच्या, गुंजनच्या, येण्यापुरतं.

२०१७ संपता संपता बिटकॉइनचा भाव आभाळाला भिडला आणि वर्तमानपत्रात पान भरून मजकूर आला. हा पैसा कोण्या सरकारचा नाही, बँकेचा नाही. तो काढणारा माणूस कोण, ते कुणाला ठाऊक नाही. नाव जपानी घेतलं होतं, पण ते खरं नव्हे. २००९ च्या जानेवारीत, तीन तारखेला, त्यानं सुरुवात केली आणि २०११ च्या उन्हाळ्यात तो गप्प झाला. पहिले लाखो कॉइन त्याचेच, पण त्यानं त्यांना हात लावलेला नाही. पुंडलिकरावांनी तो मजकूर दोनदा वाचला, उठले, आणि कितीतरी महिन्यांनी आरशासमोर बसून नीट दाढी केली. त्या रात्री ते दोन भाकरी जेवले.

गुंजन हिंगणघाटहून आली तेव्हा त्यांनी तिच्याकडून मोबाइलवर एक पान लावून घेतलं. ते पहिले कॉइन त्यावर दिसायचे. ते पान सगळ्या जगाला उघडं होतं. कॉइन कुठून कुठं गेले, हेही तिथं दिसलं असतं. पण ते कुठंच गेले नव्हते. रोज आंघोळ झाली की दुकानात उदबत्ती लावण्याआधी पुंडलिकराव ते पान बघायचे. "हलले नाई," असं म्हणायचे; म्हणजे अजून निकेशजवळच आहेत, असा त्यांचा हिशेब. परगावच्या मुलाचं पत्र वाचून माणूस घडी घालतो, तसा मोबाइल खिशात ठेवायचे.

समोरच्या चहावाल्या ताराचंदला आयता विषय मिळाला. "या शेठ! दुनियेच्या मालकाचे बाप! आज उधारी देता, का पोरगा जपानातून पाठवते?"

"अबे, तो मालक नाई. त्या पैशाले मालकच नाई. तेच तर केलं त्यानं."

"मंग ते लाखो कॉइन कोणाचे?"

"ज्याच्याजवळ किल्ली, त्याचे. गुपित नंबर असते तो."

"अन् किल्ली?"

"त्याच्याजवळ."

"मंग त्याले म्हणा, एखादा इकडं फेक. मले छप्पर टाकाचं हाये."

लोक हसायचे, पुंडलिकरावही हसायचे. ताराचंद चेष्टा करी, पण मनात त्यालाही थोडं वाटतच असे. कारण चिठ्ठ्यांची गोष्ट त्याच्या डोळ्यांदेखत घडली होती.

ती अशी. निकेश चौदा वर्षांचा असताना बाजारात चिल्लर मिळेनाशी झाली होती. दुकानदार सुट्ट्याऐवजी चॉकलेट द्यायचे. निकेशनं जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे कापले, आठ आण्याच्या, रुपयाच्या चिठ्ठ्या केल्या. नियम त्याचाच. चिठ्ठी दुसऱ्याला देताना मागं आपलं नाव आणि त्याचं नाव लिहायचं. मग ती कुठून कुठं गेली ते कोणालाही दिसे, आणि एक चिठ्ठी दोघांना देऊन फसवणं जमत नसे. पंधरवड्यात ताराचंद त्या चिठ्ठीवर चहा द्यायला लागला, न्हावी दाढी करायला लागला. चिठ्ठ्यांना दुकानाकडे परत यायची गरजच उरली नाही. मग एका दिवशी एक हवालदार चहा पिता पिता हसत म्हणाला, "काय शेठ, नोटा छापता काय घरी?"

पुंडलिकराव भित्रा माणूस. त्यांनी भरल्या दुकानात पोराच्या कानशिलात मारली, सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि रस्त्याच्या कडेला पेटवून दिल्या. निकेश रडला नाही. राख होईपर्यंत उभा राहून बघत राहिला. त्यानंतर तो बापाशी गोड बोलायचा, पाया पडायचा, पहिल्या नंबराचं सर्टिफिकेट आणून दाखवायचा. पण चुकलेलं, फसलेलं, बिघडलेलं काहीही त्यानं पुन्हा बापाला दाखवलं नाही.

आता पुंडलिकराव तीच गोष्ट चार लोकांत मोठ्या कौतुकानं सांगत. "मागं नाव लिहाचं ना, तेच हाये आता कम्प्युटरवर. माह्या दुकानात निंघालं ते." थपडेपर्यंत आले की मात्र गोष्ट तिथंच सोडून चहा मागवत.

शकुंतलाबाई हे सगळं पडद्यामागून ऐकत. त्यांना जे ठाऊक होतं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी गुंजन आलेली होती. माजघरात पाट मांडले, त्यावर घागरी ठेवल्या. पुंडलिकराव सोवळं नेसून आले, वाळ्याची जुडी हातात घेतली, आणि थांबले.

"हे तिसरी कोणाची?"

"निकेशची."

"डोकं फिरलं काय वं तुह्यं? जित्या पोराची घागर?"

"जिता नाई तो."

"काऊन नाई? टोकियोत पाणी आलंच नाई! अन् लाट आली मार्चात. त्यानं एप्रिलात कॉइनच्या कामातल्या सोबत्याले लिहिलं, मी आता दुसऱ्या कामाले लागलो म्हणून. सगळ्या दुनियेनं वाचलं ते. तुले वाचता येत नाई म्हणून काय माह्या पोराले मारतं?"

"बाबा," गुंजन म्हणाली.

"तू थांब. हिले विचार, डिसेंबरात त्यानं नोकरी सोडली अन् जानेवारीच्या तीन तारखेले पयला कॉइन निंघाला. कोणासाठी सोडली नोकरी? सांग म्हणा!"

शकुंतलाबाई खाली बसल्या. "सोडली नाई त्यानं. काढलं त्याले. त्या साली लई लोकांले काढलं. अन् त्या तीन तारखेले तो अठी होता. या घरात."

पुंडलिकराव वाळा हातात तसाच धरून समोर बसले.

"तुमी नागपूरले होते, भाऊजींच्या ऑपरेशनले. गुंजन होस्टेलवर. तो न सांगता आला. आठ-एक दिवस राह्यला. त्या दिवशी सावित्रीबाईंची जयंती, शाळेच्या पोरींची फेरी दारावरून गेली. तो माह्यासोबत तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. फेरीचा आवाज आला तसा कोठीत जाऊन बसला. कोणी पाहीन, तुमाले सांगन म्हणून. शेंगांचं सूप हातातच होतं त्याच्या." त्यांनी कोठीच्या दाराकडे बोट दाखवलं. "कम्प्युटर नोता त्याच्याजवळ. बॅगही धड नोती. बाबाले नको सांगजो म्हणे, दुसरं काम लागलं की मी सांगतो."

"मंग?"

"मंग लागलं काम. समुद्राकाठी. मासोळ्या डब्यात भराचा कारखाना. रविवारचा फोन तिथूनच येत होता. तुमच्याशी टोकियोचं बोलत होता."

पुंडलिकरावांनी हळूच वाळा खाली ठेवला.

"लाट आली त्या साली पावसाळ्यात फोन आलता," शकुंतलाबाई म्हणाल्या. "त्याच्या खोलीतला पंजाबी पोरगा. माताजी, वो उस दिन ड्यूटी पे था, बोलला. कारखानाच राह्यला नाई म्हणे. मी तशीच दुकानात आलती तुमाले सांगाले. तुमी गिऱ्हाइकाले सांगून राह्यले होते का टोकियो शाबूत हाये म्हणून. मी वापस आली."

गुंजन भिंतीला टेकून रडत होती. बाहेर कुठंतरी पितरांच्या नावानं निखाऱ्यावर टाकलेल्या घासाचा, तुपाचा वास सुटला होता. आळीत घरोघरी घागरी भरून झाल्या होत्या.

"मले काऊन नाई सांगितलं त्यानं?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"तुमाले भेत होता."

"त्या चिठ्ठ्यांपायी?"

पुंडलिकराव उठले आणि सोवळ्यातच ओसरीवर जाऊन बसले. ताराचंदनं समोरून काहीतरी हाक मारली, त्यांनी मान वळवली नाही.

"इतके वर्षं धरून ठेवलं, मंग आजच काऊन सांगितलं वं आई?" गुंजननं विचारलं.

"त्यांच्या तोंडाले चव आली होती बाई. ते हिरावून घ्यावं वाटे नाई. पण तो पाण्यात गेला अन् सात वर्षं झाली, आपल्या हातचं पाणी नाई त्याले. तुह्या आजोबाले आहे, आजीले आहे. तोच तेवढा उभा राह्यते दारात."

दुपार कलली. पुंडलिकराव आत आले ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले.

"आला होता तवा काय खाल्लं त्यानं?"

"कवा?"

"तवा. जानेवारीत. आठ दिवस काय खाल्लं पोरानं?"

"सोलेभात. रोज तेच मागे."

"मंग हे पुरण काऊन वाटून राह्यली? त्याले कवा आवडलं पुरण?"

ओल्या तुरीचे सोले एप्रिलात कुठले मिळायला? शकुंतलाबाई उठल्या, फळीवरून डबा काढला. दर हिवाळ्यात त्या सोले वाळवून ठेवत. भाताला कधी घेत नसत, नुसते ठेवत. त्यांनी ते गरम पाण्यात भिजवले. भात शिजेपर्यंत पुंडलिकराव पाटावर बसून होते. पान वाढून झाल्यावर त्यांनी तांब्या उचलला. वडिलांचं नाव घेतलं, घागर भरली. आईचं घेतलं, भरली. तिसऱ्या वेळी तांब्या घागरीच्या काठाला लागून खडखड वाजला, पाणी पाटावर सांडलं. शकुंतलाबाईंनी हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. पुन्हा तांब्या भरला.

"निकेश," ते म्हणाले. आणि घागर काठोकाठ भरून, "पाणी घे बापा."

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून त्यांनी मोबाइल काढला, पान बघितलं. सवय होती. "हलले नाई," ते हळूच म्हणाले. शकुंतलाबाई चहा गाळत होत्या. "बरं," त्या म्हणाल्या.

पुंडलिकराव त्यानंतर तीन वर्षं जगले. बाजारात ते पुन्हा कधी निकेशच्या पैशाबद्दल बोलले नाहीत. कोणी विषय काढला तर थपडेची गोष्ट शेवटपर्यंत सांगत आणि मग उठून जात. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. ताराचंदनं त्यानंतर कोणाची चेष्टा केली नाही असं नाही, पण शेठांची उधारी त्यानं भिंतीवरून पुसून टाकली. रस्ता रुंद झाला तेव्हा त्याची टपरी गेली. आता तो मुलाकडे आंजीला असतो. शोभाबाई अजून त्याच लिंबाखाली बसते, गुडघे धरलेत तिचे. गुंजन हिंगणघाटात गणिताचे क्लास घेते. तिच्या धाकट्याला आजोबांचा मोबाइल हवा होता, तिनं दिला नाही. दुकान भाड्यानं दिलं आहे. तिथं आता कोणी सुट्टे मागत नाही, काचेवर लावलेल्या चौकोनासमोर मोबाइल धरला की झालं. निकेशचं नाव दूर त्या किनाऱ्यावरच्या गावात हरवलेल्यांच्या पाटीवर आहे, असं पंजाबी मुलानं पुढे एकदा कळवलं. आडनाव चुकीचं लिहिलंय म्हणे.

शकुंतलाबाई सेलूलाच आहेत. घरात कर्ता पुरुष उरला नाही, तेव्हा घागरी त्या स्वतः भरतात. आता चार असतात. सोलेभात बाप-लेकाच्या दोन पानांवर वाढतात. आणि गुंजन आली की निघायच्या आधी एकदा तिला विचारतात, "ते पैसे हलले काय वं?"

"नाई आई."

"बरं."